म्हसोबाच्या वळणावरची लाईट

माझ्या गाडीची लाईट जात होती. हे मी पहिल्या झटक्यात सांगून टाकतो, कारण ते खरं आहे आणि घरात, गावात, तालुक्याच्या ठिकाणी कुणी ते खरं मानायला तयार नव्हतं. पुढे जे येईल त्यात माझी मान खालीच जाणार आहे. पण लाईट जात होती.

मी आयुष्यभर एका सरकारी खात्याच्या जीपवर ड्रायव्हर होतो. साहेब बदलायचे, जीप बदलायची, ड्रायव्हर तोच. आपल्या जिल्ह्याचा पसारा केवढा आहे हे कागदावर कळत नाही, त्याला चाकं लागतात. एका दिवशी भंडारदऱ्याच्या धुक्यात वायपर फिरवत असायचो आणि दुसऱ्या दिवशी पाथर्डीच्या बाजूला धुरळ्यामुळे काचा वर करून बसायचो. आता पाट्यांवर अहिल्यानगर लिहितात. माझ्या तोंडात नगरच बसलंय, ते या वयात निघायचं नाही.

आमच्या लाईनीत सर्टिफिकेट कागदावर मिळत नाही. मागे बसलेला साहेब झोपला, की ते सर्टिफिकेट. मी आरशातून बघायचो. साहेबाची मान कलली, तोंड जरासं उघडं पडलं, की मला मनातून बरं वाटायचं. एक साहेब नवीन आले तेव्हा दाराचं हँडल घट्ट धरून बसायचे. आधीच्या गावी त्यांच्या जीपला अपघात झाला होता म्हणे. थोड्याच दिवसांत हँडल सुटलं आणि साहेब घोरायला लागले. बदली झाली तेव्हा म्हणाले, "तुमच्या गाडीत झोप लागते हो." मी ते घरी येऊन बायकोला कौतुकानं सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मग सरकार तुमाला पगार मानसं झोपवायचा देतं व्हय?" तिचं बोलणं आधीपासून असंच आहे.

आणखी एक रीत होती आमची. रस्त्याच्या कडेला देव दिसला, मग तो म्हसोबा असो, मारुती असो नाहीतर पिराचा दर्गा, त्याच्यासमोरून जाताना हॉर्न द्यायचा. स्टिअरिंग सोडून हात जोडता येत नाहीत, म्हणून हॉर्न हाच नमस्कार. एरवी मी हॉर्नला हात लावत नसे. जो सारखा हॉर्न बडवतो त्याला स्वतःच्या ब्रेकचा भरवसा नसतो, असं माझं पहिल्यापासूनचं मत आहे आणि ते मी पुष्कळ पोरांना ऐकवलेलं आहे. देवाला मात्र लांबलचक द्यायचा, मनापासून.

रिटायर झालो आणि पाथर्डीकडच्या आमच्या गावी येऊन राहिलो. मुलाचं तालुक्याच्या ठिकाणी औषधाचं दुकान आहे, त्याला मान वर करायला सवड नसते. सून घर सांभाळून शिवणकाम करते. मुलानं एक जुनी, दुसऱ्याच्या हातची लहान गाडी घेतली, आणि ती आपोआप माझ्या ताब्यात आली. किल्ली माझ्या सदऱ्याच्या खिशात. गावात मला अजूनही ड्रायव्हरच म्हणतात. पारावर बसलो आणि खिशातली किल्ली वाजली की माणसं विचारायची, "काय ड्रायव्हर, कुटं निघाली सवारी?" हे मला किती आवडायचं ते आता सांगायलासुद्धा संकोच वाटतो. ती किल्ली काढून घेतली तर मी नुसता एक म्हातारा, पारावरच्या बाकीच्या म्हाताऱ्यांतला. त्यांच्यात वाईट काही नाही, पण मला त्यांच्यातला व्हायचं नव्हतं.

बायकोचे गुडघे गेलेत. दर आठवड्याला तिला नगरला शेकायला आणि व्यायामाला न्यायचं, हे काम माझं. दुपारी निघायचं, दिवेलागणीला परत. ती पुढे माझ्याशेजारी बसायची आणि गाव सुटल्यापासून गाव येईपर्यंत तिचं तोंड बंद नसायचं. "बया, केवढा ऊस भरलाय ट्रॉलीत, मागं लाल फडकंसुदिक बांधलं न्हाई." "ती पोरं बघा सायकलवर, डबलशीट चालल्यात." "आलं कुत्रं आडवं." "ह्या मोटरसायकलवाल्याला मागं दिवाच न्हाई जनू." जन्मात रस्ता न बघितल्यासारखी. आधी ती गाडीत अशी नव्हती. चार माणसांच्या जीपमध्ये बसवली तरी पदर डोक्यावर घेऊन खिडकीला टेकायची. हे वर्षभरात वाढलं होतं. वय झालं की माणूस बडबडं होतं, असं मी मुलाला सांगायचो आणि आम्ही दोघं हसायचो.

लाईट पहिल्यांदा गेली ती दिवाळीच्या जरा आधी. करंजीचा घाट उतरला की पुढे एका वळणावर म्हसोबा आहे. शेंदूर फासलेला दगड, वर पत्र्याची सावली, बाजूला एक कडुलिंबाचं झाड. मी हॉर्न दिला आणि समोरचा उजेड गेला. डोळा मिटून उघडावा एवढाच वेळ. परत आला. मी बायकोला म्हणालो, "लाईट गेली बघ." ती म्हणाली, "व्हय का?" एवढंच. पुढच्या फेरीला पुन्हा तेच, त्याच जागी. बायकोनं गाडीतूनच हात जोडले. "देवाचं काय राहिलंय का बघा आपल्याकडनं." मी तिला वेड्यात काढलं.

मग तो दिवस आला. त्या दिवशी नगरला उन्हात बरंच थांबावं लागलं होतं, माझं डोकं दुखत होतं, आणि हिचं चालूच. ही ट्रॉली, तो टेम्पो, ते म्हातारं. घाट उतरताना मी खेकसलो, "अगं, जरा गप बस की. कानाला दडे बसले माझ्या. मला दिसत नाही का रस्ता?" ती गप्प झाली. तोंड खिडकीकडे वळवून बसली. मला वाटलं, चला, शांतता. घाटाखालचा सरळ रस्ता संपला, वळण आलं, म्हसोबा आला. मी लांब हॉर्न दिला आणि लाईट गेली. हात उचलला तर उजेड आला, आणि उजेडात समोर सगळा रस्ता मेंढरांनी भरलेला.

ब्रेकवर उभाच राहिलो. गाडी डावीकडे रस्त्याकडेच्या चारीत गेली, बायकोचं डोकं काचेला आपटता आपटता राहिलं. मेंढरं इकडेतिकडे फाकली. एक कोकरू बंपरखाली सापडलं, त्याचा पुढचा पाय मोडला. मेंढरामागची बाई धावत आली, माझ्याच बायकोच्या वयाची असेल. तिनं कोकरू उचलून छातीशी धरलं, वाकून खिडकीतून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "डोळं हायेत का भोकं?"

मी म्हणालो, "बाई, लाईट गेली." ती माझ्या गाडीच्या दोन्ही लाईटींकडे बघत राहिली. त्या लख्ख चालू होत्या, तिच्या लुगड्यावर उजेड पडला होता. तिनं शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. ती कोकराला बोलत, त्याचा पाय धरून निघून गेली, आणि मी मेल्याहून मेल्यासारखा स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो.

मुलगा आला, दोघा-चौघांनी गाडी काढली. त्यानं लाईट लावली, बंद केली, लावली. बॉनेटवर थाप मारून बघितली. काही नाही. "अण्णा, चालू आहे की." दुसऱ्या दिवशी आम्ही तालुक्याला वायरिंगवाल्याकडे गेलो. त्याच्या शेडबाहेर एक बाकडं आहे, तिथे गाड्यांचे मालक दवाखान्यातल्यासारखे आपापलं दुखणं सांगत बसतात. एकाची गाडी ब्रेक दाबला की रेडिओ बंद करायची. एका पिकअपवाल्यानं डावं इंडिकेटर दिलं की उजवं लागायचं. तो म्हणाला, आता सवय झाली, उलटं देतो. एका मास्तरांची गाडी उभ्या उभ्या आपल्या मनानं हॉर्न द्यायची आणि शेजारी भांडायला यायचे. एका बाईंच्या गाडीत उंदरांनी वायरी कुरतडल्या होत्या, म्हणून त्यांनी आत तंबाखूच्या पुड्या ठेवल्या होत्या, आणि आता गाडीत बसलं की सगळ्या घराला शिंका येत होत्या. हे सगळं वायरिंगवाला गंभीरपणे ऐकत होता, मान डोलवत होता. माझी पाळी आली.

"लाईट जाते आणि येते," मी म्हणालो.

"कधी जाते?"

"म्हसोबाच्या वळणावर."

बाकडं हसलं. तोही हसला, "मग बाबा, माझ्याकडं कशाला आणली, भगताकडं न्या." तरी त्यानं बघितली. लाईट लावली, बंद केली, इंडिकेटर, वायपर, हॉर्न पीं करून एकदा, सगळं ओके. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. माझ्या केसांकडे, चष्म्याकडे. आणि मुलाला जरा बाजूला घेऊन हळू आवाजात बोलला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, पण मुलाची मान खाली गेलेली दिसली. माझ्यामुळे पोराला चार माणसांत लाजावं लागतंय हे बापाला न सांगता कळतं. दारात उतरताना तो म्हणाला, "अण्णा, किल्ली थोडे दिवस माझ्याकडं असू द्या." मी खिशातून काढली. देताना जरा जास्तच वेळ लागला.

त्याच आठवड्यात तालुक्याच्या शाळेत डोळे तपासणीचं शिबिर होतं. मुलानं नाव नोंदवलं. मी म्हणालो, चल, एकदाचं होऊन जाऊ दे. रांग लांब होती. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वर मोठी, खाली बारीक होत गेलेली. पुढचा एकेक माणूस मोठ्यानं वाचत होता. मी रांगेत ऐकत होतो. खालच्या ओळी मला उभा होतो तिथून दिसत नव्हत्या. मी स्वतःला म्हणालो, लांब आहे म्हणून. पण माझा नंबर येईपर्यंत त्या ओळी माझ्या तोंडात बसल्या होत्या, शाळेत पाढे बसायचे तशा. मी खुर्चीवर बसलो आणि सगळा तक्ता धडाधड म्हणून दाखवला. तपासणारी मुलगी म्हणाली, "बाबा, छान. थोडा मोतीबिंदू आहे, पुढं बघू." मी ताठ मानेनं बाहेर आलो. मुलाला म्हणालो, "ठणठणीत." बायको माझ्या मागेच रांगेत होती, तिचाही नंबर होता. ती माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

एवढं करून किल्ली आली नाहीच. मुलगा म्हणाला, "बघू, राहू द्या." सून आधीच गाडीच्या क्लासला जात होती, तिचं लायसन आलं होतं. किल्ली तिच्याकडे गेली. पारावर बातमी पोचायला कितीसा वेळ लागतो. एकानं विचारलं, "काय ड्रायव्हर, आता क्लीनर व्हय?" मी हसलो. हसण्यावाचून काय करणार. पण त्या दिवसापासून पारावर जाणं कमी केलं. गेलो तरी दुपारी, माणसं नसताना.

नगरच्या फेरीला आता सून चालवायची, मी तिच्याशेजारी रस्ता सांगायला, बायको मागे. मी सुनेला शिकवायचो, म्हणजे खोड्या काढायचो. "क्लच सोडलास लवकर." "गियर कुरकुरला." ती बिचारी "हो अण्णा" म्हणायची आणि तिला हवं तसंच करायची. मी एकदा आरशात बघितलं, म्हणजे आरसा तिच्या बाजूला वळवलेला होता म्हणून मान वाकडी करून बघितलं. बायको झोपली होती. मान कललेली, तोंड जरासं उघडं. मला काय वाटलं ते सांगतो, लपवत नाही. मला हेवा वाटला. आयुष्यभर साहेबांकडून जे मिळवलं ते या पोरीला पहिल्या महिन्यात मिळालं, तेही माझ्याच बायकोकडून.

अशीच एक संध्याकाळ. घाट उतरला, वळण आलं. सून काही हॉर्न देईना. तिला त्या रितीचं काय. एवढ्या फेऱ्या गप्प बसलो होतो, पण त्या दिवशी देवापुढून मुकाट जाणं माझ्याच्यानं होईना. मी शेजारून हात लांब केला आणि हॉर्न दाबून धरला, आपला नेहमीचा, लांब.

लाईट गेली.

सुनेनं ब्रेक दाबला. माझा हात दचकून निघाला, लाईट आली. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग तिनं गाडी कडेला घेतली, उभी केली आणि स्वतः हॉर्न दाबून धरला. समोरचा लिंब अंधारात गेला. हात उचलला, लिंब आला. पुन्हा दाबला, गेला. बारकासा पीं केला तर नुसती फडफडली. ती लहान पोरीसारखी हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अण्णा, लाईटच जाते हो. तुमी खरं सांगत हुता."

मागून बायको जागी झाली. "काय झालं गं?"

"आई, लाईट जाते. हॉर्न दिला की. अण्णांचं खरं हुतं." मग ती मला म्हणाली, "बरं झालं मी मघापासून त्या बैलगाडीकडं बघत हुते, हळूच घेतली हुती. न्हाईतर धडकलोच असतो."

मी समोर बघितलं. लिंबाच्या पलीकडे रस्त्यात काहीतरी काळं हलत होतं. "हो, मीपण बघितली," मी म्हणालो. तेव्हा मला त्या शब्दांचं काही वाटलं नाही. मला एवढा आनंद झाला होता की बैलगाडी असो की हत्ती असो.

सुनेनं तिथूनच नवऱ्याला फोन लावला. दुसऱ्या दिवशी वायरिंगवाल्यानं आत हात घालून एक ढिली झालेली वायर पुन्हा आवळली, लाईटचं आणि हॉर्नचं अर्थिंग एकाच ठिकाणी होतं म्हणे, हॉर्न दाबून धरला की लाईटचा करंट जायचा, आणि त्या दिवशीच्या हसण्याबद्दल मला चहा पाजला. अंधार पडल्यावर आमच्या वाटेत हॉर्न द्यायचा देव तो म्हसोबा एकटाच होता. संध्याकाळी मुलानं घरात सगळ्यांदेखत माझ्या पायांना हात लावला. "चुकलं अण्णा. तुमच्यावर भरवसा ठेवाया पाहिजे हुता." आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. मुलगा घरात एरवी फार बोलत नाही, त्याला हे जड गेलं असणार. मी म्हणालो, "असू दे रे, चालायचंच." मोठ्या मनाचा माणूस झालो मी. मग बाहेर पडून थेट पारावर गेलो आणि किल्ली वाजवली. सगळी हकीकत रंगवून सांगितली, म्हसोबा, मेंढरं, ती बाई, सगळं. "डोळे भोकं नव्हती, वायर ढिली होती," असं म्हणालो आणि लोक हसले. जो क्लीनर म्हणाला होता त्यालाच सगळ्यांत मोठ्यानं ऐकवलं.

पुढच्या फेरीला मी निघालो. स्टिअरिंगवर मी, शेजारी बायको. सुनेला मुद्दाम घरी ठेवलं, "तू शिव तुझी कापडं." गाव सुटलं आणि बायकोनं तोंड उघडलं.

"ती म्हस बांदाकडनं रस्त्यावर येतीया वाटतं. बया, हा टेम्पो कसा उभा केलाय बघा, निम्मा रस्त्यात. पुढं बायका चालल्यात डोक्यावर बोजं घेऊन."

पूर्वीसारखंच. मला हसू आलं. चला, घर ठिकाणावर आलं असं वाटलं. मी सहज म्हणालो, अगदी थट्टेनं, "काय गं, सुनेच्या गाडीत तर डाराडूर झोपायचीस. माझ्याच गाडीत बरा जोर येतो तोंडाला."

ती रस्त्याकडेच बघत होती. म्हणाली, "ती बघती की."

मग तिच्या लक्षात आलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि झटकन पदर नीट करायला लागली, पदर नीटच होता. मला म्हणाली, "न्हाई, म्हंजी ती नवीन हाय, मागं बसल्यावर काय बोलायचं तिच्याशी." हे तिला जमलं नाही. तिला खोटं बोलायची सवय नाही.

मी गाडी कडेला घेतली. निम्म्या रस्त्यात उभ्या असलेल्या त्या टेम्पोच्या बऱ्याच पुढे आलो होतो. तो टेम्पो मी बघितला होता का, हे मी आठवायचा प्रयत्न केला. ती म्हणाल्यावर बघितला होता. म्हैसही ती म्हणाल्यावर. बायका मला अजूनही दिसत नव्हत्या. मग एकेक करत मागचं सगळं वर आलं. घाटाखालचा तो सरळ रस्ता. एवढा मोठा कळप, पांढरी मेंढरं, वळणाच्या कितीतरी आधीपासून दिसायला हवी होती. तेव्हा लाईट चालू होती. तेव्हा मी हॉर्नला हातसुद्धा लावला नव्हता. त्या बाईनं विचारलं ते बरोबरच विचारलं होतं. आणि त्या दिवशी शेजारी बसून सांगणारं माणूस गप्प होतं, कारण मी त्याला गप्प बसवलं होतं.

पण मला सगळ्यांत जास्त लाज वाटली ती डोळ्यांची नाही. डोळे कुणाचेही जातात. वर्षभर ही बाई दुखऱ्या गुडघ्यांनी माझ्या शेजारी बसून माझ्यासाठी रस्ता बघत होती. म्हैस, टेम्पो, कुत्रं, सायकल. माझी अब्रू राहावी म्हणून ती स्वतः बडबडी म्हातारी झाली होती, आणि मी मुलाबरोबर तिच्यावर हसत होतो. चार मुलखांचे साहेब माझ्या मागे झोपले, त्याची मला कोण घमेंड. आणि माझ्या गाडीत माझी बायको वर्षभर झोपली नव्हती.

"शिबिरात तुला कळलं होतं?" मी विचारलं.

"तुमी रांगंत पुटपुटत हुता," ती म्हणाली. "मी मागंच हुते ना."

"मग बोलली का नाहीस?"

तिनं गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "तुमी किल्ली खिशात वाजवत गावात जाता. मला ते बरं वाटतं."

मला रडू आलं. मी रस्त्याच्या कडेला, स्टिअरिंगवर हात ठेवून, त्या मेंढरांच्या दिवशी बसलो होतो तसाच बसलो. तिनं पदरानं माझा चष्मा पुसून दिला, त्यानं काही फरक पडणार नव्हता हे दोघांनाही माहीत होतं. मागून एक ट्रॅक्टर आला, ऊस खडखडत पुढे गेला.

"नगरला जायचं का माघारी?" तिनं विचारलं.

"माघारी," मी म्हणालो. "सुनेला घेऊ आणि जाऊ. शेक चुकवायचा नाही तुझा."

गाडी वळवायची होती. मी आरशात बघितलं, आरशात नुसता उजेड आणि धुरळा. आयुष्यात पहिल्यांदा मला गाडी वळवायची भीती वाटली. तिनं काच खाली केली, मान बाहेर काढून मागे बघितलं, मग पुढे बघितलं. पण बोलेना. ती माझ्या तोंडाकडे बघत थांबली होती, मी खेकसेन म्हणून.

"सांग," मी म्हणालो. "काय काय दिसतंय ते सगळं सांग."